संगणक सुरू होईपर्यंत

“नव्या डिस्कचं आणि जुन्या मदरबोर्डचं जमत नाही. मी स्वतः सांगलीला जाऊन चौकशी करून आलोय,” आण्णा म्हणाले. “विषय संपला.”

“पण आण्णा, ही डिस्क आता कटकट वाजायला लागलीय. एक दिवस बंद पडेल आणि माझं दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल.”

“अजून पडलीय का बंद?”

“नाही.”

“मग?” असं म्हणून आण्णांनी पुढे वाकून संगणकाचं बटण दाबलं, बाकावर ऐसपैस बसले आणि चष्मा पुसायला घेतला.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावच्या लोकहित वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. भूपाल चौगुले, म्हणजेच आण्णा, वाचनालयाचे कार्यवाह. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, सत्तरी ओलांडलेले. मुलाचा बेदाण्याचा व्यापार, घरी सगळं व्यवस्थित. साखळी टाकून जमीन मोजण्यात हयात गेल्यामुळे असेल, पण कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी ते चारही बाजूंनी हद्द तपासायचे. त्यांच्या परवानगीशिवाय वाचनालयात खिळासुद्धा ठोकला जात नसे.

आणि संगणक म्हणजे? कुणा बँकेनं जुना झाला म्हणून दिलेला. पेटीएवढा पडदा, पिवळा पडलेला डबा, आणि सुरू व्हायला निदान अर्धा तास. आधी घरघर, मग कटकट, मग बराच वेळ नुसतं काळं. वाचनालयातली सगळी पुस्तकं मी एकेक करून त्यात चढवली होती. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणी नेलंय, सगळं. त्याची दुसरी प्रत काढून ठेवावी तर तशी सोय त्या डब्यात नव्हती. सकाळी येऊन मी तो सुरू करायचे, दुपारी जेवायला जाताना बंद करायचे. तापतो म्हणून आण्णांचा तसा हुकूमच होता. संध्याकाळी चारला परत सुरू करायचं काम मात्र आण्णांनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यात कुणी लुडबूड केलेली त्यांना खपायची नाही.

चारच्या सुमाराला सिस्टर यायच्या. लीला सातपुते असं नाव, पण गावात नुसतं सिस्टर म्हटलं की पुरे. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निम्म्या तासगावाला या जगात त्यांनीच ओढून आणलेलं. लग्न केलं नव्हतं. भाच्याकडे माडीवर एका खोलीत राहायच्या. पांढरी साडी सुटली होती, पण केसांचा घट्ट अंबाडा आणि हुकमी आवाज तसाच होता.

“जयमाला, प्रवासवर्णन हवंय. नेपाळचं. आहे का बघ.”

“बघते. संगणक सुरू होतोय, बसा जरा.”

मग त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. मध्ये आण्णांची छत्री. मी पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत असायचे आणि कानावर काहीबाही पडायचं.

“त्या आरवड्याच्या बाईला तुम्ही बैलगाडीतून आणली होती ना?” आण्णा विचारायचे.

“आणली कसली! गाडीतच झाली मुलगी. मी गाडीवानाला म्हटलं, तोंड तिकडे कर आणि बैल धर. तो म्हणतो, सिस्टर, बैल धरलेत, पण मला कोण धरणार?”

आण्णा खो खो हसायचे. घरी किंवा सभेत त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटायचं, म्हातारी माणसं आहेत, वेळ जात नाही.

कधीकधी आण्णांच्या सूनबाई, सुवर्णावहिनी, स्कूटीवरून रस्त्यानं जाताना दारात थांबायच्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणत. “मामा, अजून इथंच?”

“संगणक सुरू व्हायचाय,” आण्णा चेहरा गंभीर करून सांगायचे. वहिनी एकदा सिस्टरांकडे, एकदा काळ्या पडद्याकडे बघून निघून जायच्या.

तर अशात आमच्या वाचनालयाचा सरकारदरबारचा दर्जा, म्हणजे वर्ग, वाढवून घ्यायचं ठरलं आणि निरीक्षक तपासणीला येणार असं कळलं. ते पहिल्यांदा पुस्तकांची नोंद बघणार. आणि डिस्कची कटकट दिवसेंदिवस वाढत होती. मला झोप लागेना. शेवटी मी अस्लमला फोन केला.

अस्लम शिकलगार माझ्याबरोबर कॉलेजात होता. सांगलीला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, “आण्णा म्हणतात ते तसं खोटं नाही. आता येतात त्या सगळ्या डिस्क नव्या जोडणीच्या. तुझ्या बोर्डाला ती वायर घुसवायला जागाच नाही. पण माझ्याकडे जुन्या वायरची एक नवीकोरी डिस्क पडून आहे. ऐंशी जीबीची. सोमवारी तुमची सुट्टी ना? येतो.”

“आण्णांना कळता कामा नये.”

“मी तर बेदाणे घ्यायला आलोय,” अस्लम म्हणाला.

सोमवारी आम्ही दार आतून लावून घेतलं. अस्लमनं डबा उघडला, धुळीचा लोट उडवला, नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. संगणक चालू झाला, डिस्क शोधायला लागला आणि तिथंच अडकला. ढिम्म. परत केलं, परत तिथंच.

“मेला का?” मी डब्यावर वाकले.

“मेला नाही, घाबरलाय. हा बोर्ड बनला तेव्हा एवढी मोठी डिस्क कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती. ही सांगते मी ऐंशीची, आणि याला बत्तीसच्या पुढं मोजताच येत नाही. मोजता मोजता फीट येते त्याला.”

“मग?”

“मग हिनं खोटं बोलायचं.” त्यानं खिशातून तांदळाच्या दाण्याएवढी काळी प्लास्टिकची टोपी काढली आणि डिस्कच्या पाठीमागं असलेल्या दोन पिनांवर चिमट्यानं बसवली. “आता ही ऐंशीची असून बत्तीसची म्हणून सांगेल. तो बिचारा विश्वास ठेवेल.”

आणि ठेवला! डिस्क मुकाट सापडली. अस्लमनं जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं, तासन्‌तास लागले, पण एक पुस्तकही हरवलं नाही. त्यानंतर बटण दाबलं तर मी पदर खोचेपर्यंत संगणक तयार. मी आनंदानं टाळ्या पिटल्या. अस्लमनं डब्याचा बाजूचा पत्रा स्क्रू न लावता नुसताच सरकवून ठेवला. “हवा खेळू दे,” म्हणाला, आणि खरोखरच दोन किलो बेदाणे घेऊन गेला.

मंगळवारी चारला आण्णांनी बटण दाबलं, बाकावर बसले, चष्मा काढला. पुसायला धोतराचा सोगा धरला तोच संगणकानं सुरू झाल्याचं संगीत वाजवलं. आण्णांनी चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला.

“हे काय?”

“नवी डिस्क, आण्णा. रागावू नका. सगळं सुरक्षित आहे. आणि खर्च मी माझ्या पगारातून—”

“खर्चाचं विचारलं का मी?” ते इतक्या पडेल आवाजात म्हणाले की मला रागावण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांना अंदमानवरचं पुस्तक हवं होतं. मी दोन कळा दाबल्या. “आहे. नऊ नंबरचं कपाट, वरचा कप्पा.” उठून काढूनही दिलं. सिस्टर पुस्तक हातात घेऊन बाकाकडे बघत उभ्या राहिल्या. बसायला काही कारणच उरलं नव्हतं. “बरं मग,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या. आण्णा छत्रीच्या मुठीकडे बघत बसून राहिले.

आठवडाभर हेच. सिस्टर यायच्या, पुस्तक मिळायचं, जायच्या. मी मात्र फुशारून गेले होते. येईल त्याला डिस्कची आणि टोपीची गंमत सांगायचे. सिस्टरांनाही पत्रा सरकवून दाखवली. “ही एवढीशी टोपी निघाली ना सिस्टर, की याची दातखीळ बसते!”

“अस्सं?” सिस्टर वाकून बघत म्हणाल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी चारला आण्णांनी बटण दाबलं तर संगणक ढिम्म. डिस्क शोधता शोधता अडकलेला. अस्लम सांगलीहून आला, पत्रा काढला आणि म्हणाला, “टोपी पडलीय.” शोधली तर टेबलावर, कळफलकाच्या बाजूला अगदी जपून ठेवलेली. त्यानं बसवली. तो सांगलीला परतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी अस्लमची वाट बघत सिस्टर नि आण्णा बाकावर बसले होते आणि आण्णा हसत होते, हेही मी आता सांगितलं पाहिजे.

“ऐक,” अस्लम म्हणाला, “ही टोपी आपोआप निघत नाही. चिमट्यानं ओढावी लागते. तुझ्या वाचनालयात भूत असेल तर ते शिकलेलं आहे.”

माझा संशय आण्णांवर. दुसरं कोण? डिस्क नको नको म्हणून तेच बसले होते. तपासणी तोंडावर आलेली आणि हा माणूस हट्टापायी माझं काम बुडवायला निघालाय, असं वाटून मला रडू यायचं. पुराव्यासकट पकडायचं आणि वाचनालयाच्या अध्यक्षांपुढं उभं करायचं, असं मी ठरवलं.

दुपारी मी जेवायला गेले की वाचनालय उघडंच असायचं. वर्तमानपत्रं वाचणारे दोघंतिघं बाहेर पेंगत असायचे आणि आत कुणीतरी बसायचं. त्या दिवशी सिस्टर लवकर आल्या होत्या. “जा तू, निवांत जेव. मी बसते,” म्हणाल्या. मी गेले, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या दारानं चपला हातात घेऊन आत आले. कोशांच्या कपाटामागं उभी राहिले. आण्णा येणार म्हणून.

आण्णा आले नाहीत. सिस्टरांनी मात्र इकडेतिकडे बघितलं. पिशवीतून एक स्टीलची डबी काढली. डबीतून चिमटा काढला, दवाखान्यातला, लांब चोचीचा. पत्रा अलगद सरकवला. चष्मा नाकावर खाली ओढला, श्वास रोखला आणि एका झटक्यात टोपी उचलली.

“सिस्टर!” माझ्या तोंडातून निघून गेलं.

त्या दचकल्या नाहीत. टोपी कळफलकाशेजारी ठेवली, चिमटा पुसून डबीत घातला. “टाके काढण्यापेक्षा सोपं आहे,” त्या म्हणाल्या. “दार लावून घे आणि बस इथं.”

मी बसले.

“तुला त्रास झाला. पण तुझ्या नोंदी जागच्या हलणार नाहीत, एवढं तू सांगितलंस त्यावरून मी समजून घेतलं होतं. टोपी बसवली की सगळं परत येतं ना?”

“येतं. पण का, सिस्टर?”

त्यांनी डबीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. हुकमी आवाज एकदम खाली आला. “तो सुरू होईपर्यंत आम्ही बोलायचो,” त्या म्हणाल्या.

“मग आता बोला की! बाक तर तिथंच आहे.”

“कुठल्या गावात राहतेस तू, जयमाला? मी नर्स, बिनलग्नाची. ते चौगुले, घरंदाज, नातवंडं असलेले. आम्ही दोघं उगीच बसून बोलतोय म्हटल्यावर बाजारपेठेत काय होईल? त्यांच्या सूनबाई दोनदा चक्कर मारतात इथं. संगणक सुरू व्हायची वाट बघतोय, असं निदान सांगता तरी यायचं.” त्यांनी पदरानं डबीवरचा डाग पुसला. “दिवसभरात मी तेवढंच बोलते गं कुणाशी.”

“आण्णांना माहितीय हे? टोपीचं?”

“वेडी आहेस का? त्यांना कळलं तर मी तोंड कुठं लपवू?”

मी त्याच संध्याकाळी अस्लमला फोन लावला. म्हटलं, “संगणक सावकाश सुरू होईल असं काही करता येतं का?”

पलीकडून हसण्याचा असा स्फोट झाला की मी फोन कानापासून लांब धरला.

“लोक माझ्याकडं संगणक पळवायला येतात आणि तासगावची माणसं रांगायला लावायला! अगं, आण्णा परवाच येऊन गेले एसटीनं. बाकड्यावर बसले आणि म्हणतात, ती जुनी डिस्क परत बसव, ही फार घाई करते. वर शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून.”

“मग तू मला कशाला सांगतोयस?”

“पोट फुटायची वेळ आलीय म्हणून!”

म्हणजे बाकाच्या दोन टोकांवरची दोन माणसं एकमेकांना न सांगता एकाच खटपटीत होती! मी कपाटाच्या काचेत स्वतःला बघून हसले आणि मग एकदम डोळे भरून आले. का ते तेव्हा नीट कळलं नाही.

अस्लम आला. जुनी डिस्क तर केव्हाच निकामी झाली होती. पण त्यानं संगणकाला एक खोड लावून दिली. सुरू होताना दर वेळी तो आधी आपली सगळी डिस्क कणाकणानं तपासणार, निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी गोगलगाईसारखी सरकत राहणार. निदान अर्धा तास. मला सकाळी घाई असेल तर एक कळ दाबून ते टाळता येत होतं. ती कळ फक्त मला माहीत.

चारला आण्णांनी बटण दाबलं. निळा पडदा आला, पट्टी सरकायला लागली. आण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश चष्मा काढला.

“काय झालं याला?” सिस्टरांनी दारातून विचारलं.

“तपासणी करतोय म्हणे,” आण्णा म्हणाले. “नव्याचं जुन्याशी जमायला वेळ लागतोच. बसा.”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठ्यांना खळ लावण्यात गुंग.

तपासणीची तारीख पुढं ढकलली गेली आणि असे दोन महिने सुखात गेले. मग निरीक्षक आले ते नेमके चारला, आणि मी कळ दाबायच्या आत आण्णांनी लगबगीनं, स्वागत म्हणून, बटण दाबलं! निळा पडदा, पिवळी पट्टी. आता मध्येच काही करता येईना. अध्यक्षांना घाम फुटला. निरीक्षक घड्याळ बघायला लागले. सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवलं, आण्णांनी बांधाच्या भांडणात एका शेतकऱ्यानं मोजणीची साखळीच विहिरीत कशी टाकली ते सांगायला घेतलं, त्यावर सिस्टरांची बैलगाडी आली. पट्टी संपली तेव्हा निरीक्षक डोळे पुसत होते. नोंदी बघून त्यांनी भरभरून शाबासकी दिली. वर्ग वाढला. पण जाता जाता त्यांनी अध्यक्षांना बजावलं, “हा संगणक मात्र ताबडतोब बदला.”

आता अडवणार कोण? महिन्याभरात नवा आला. चपटा पडदा, काळा चकचकीत डबा. जुना मीच कापडात बांधून माळ्यावर ठेवला.

पहिल्या दिवशी चार वाजता आण्णा आले. त्यांनी बटण दाबलं आणि बाकाकडे वळेपर्यंत पडद्यावर हिरवंगार डोंगराचं चित्र उभं. सिस्टर आल्या, पुस्तकाचं नाव सांगितलं, मी पुस्तक दिलं. “बरं मग,” त्या म्हणाल्या आणि पाठ वळवली.

“सिस्टर,” आण्णा म्हणाले. उभे राहिले. छत्री उचलली, परत ठेवली, परत उचलली. सगळी हद्द एकदा तपासून घेतल्यासारखं दारातून रस्त्याकडे बघितलं. “स्टँडजवळ नवीन हॉटेल झालंय. चहा बरा मिळतो म्हणतात. येता का?”

“चालत?” सिस्टरांनी विचारलं.

“चालत. पेठेतून.”

सिस्टरांनी पुस्तक पिशवीत टाकलं, अंबाडा चाचपला आणि निघाल्या. मी दारात धावले. भर बाजारपेठेतून ती दोघं शेजारी शेजारी चालली होती. भांडेवाला हातातलं भांडं तसंच धरून बघत राहिला. बेदाण्याच्या दुकानातले तीन जण पायरीवर आले. आण्णांनी प्रत्येकाला मान लववून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात स्कूटी थांबली. सुवर्णावहिनी उतरल्या आणि थेट माझ्या टेबलापाशी आल्या. आता आरडाओरडा होणार, माझंही नाव त्यात येणार, असं धरूनच मी उभी राहिले.

“काल मामा सिस्टरांबरोबर हॉटेलात गेले होते म्हणे?”

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं.

वहिनींनी मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. “त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण घरी माझं ऐकत नाहीत. तेवढं सिस्टरांना सांगशील? माझं नाव नको घेऊस.”

त्या गेल्या. संध्याकाळी सिस्टरांना एका बाजूला घेऊन निरोप सांगितला, नाव न घेता.

“सुवर्णाला सांग,” सिस्टर म्हणाल्या, “कालचा चहा बिनसाखरेचाच होता. मी मागवला. आणि त्यांनी तो गोड लागला म्हणून दुसरा घेतला.”